आठवणी बंद केल्यावर काय उरतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलच्या आहारी गेलेल्यांविषयी वृत्तपत्रांतून बरंच छापून येतं आणि बहुतेक लेख एकाच सल्ल्यापाशी येऊन थांबतात : मनावर ताबा ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, तास ठरवून घ्या. सल्ला खोटा नाही. पण तो फक्त वापरणाऱ्याला उद्देशून आहे. व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू व्हावा की नाही, ‘नंतर पाहू’ हे बटण किती ठळक असावं, रात्री साडेनऊला फोनवर आठवण (रिमाइंडर) जावी की न जावी, हे सगळं कोणीतरी बैठकीत बसून ठरवलेलं असतं. हे पत्र त्या ठरवणाऱ्यांच्या कामाविषयी आहे. आम्ही त्याच कामातले आहोत.

व्यायाम, भाषा, वाचन, ध्यान, बचत अशा चांगल्या गोष्टींची गोडी लावू म्हणणारी अ‍ॅप आम्ही इथे विचारात घेतो. निव्वळ करमणुकीच्या अ‍ॅपबद्दल बोलणं सोपं आहे, ती कोणाचं भलं करण्याचा दावा तरी करत नाहीत. गोडी लावू म्हणणाऱ्या अ‍ॅपचं यश मात्र मोजतात ते ‘आज किती जणांनी अ‍ॅप उघडलं’ यावर. हे मापच चुकीचं आहे, आणि ते का चुकतं हे पन्नासहून अधिक वर्षं माहीत आहे.

एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सोमा नावाचं ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं, तीन वेगवेगळ्या बैठकांत. एका गटाला दुसऱ्या बैठकीत सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला, दुसऱ्या गटाला काहीच नाही. खरी मोजणी मात्र कोडं सोडवतानाची नव्हतीच. प्रत्येक बैठकीच्या मधोमध प्रयोग घेणारा काही निमित्ताने आठ मिनिटं खोलीबाहेर जाई. टेबलावर मासिकं पडलेली, ठोकळेही पडलेले. त्या आठ मिनिटांत कोण आपणहून ठोकळ्यांना हात लावतो, ते टिपलं जाई. तिसऱ्या बैठकीत पैसे बंद झाले, तेव्हा पैशांची चव चाखलेल्या गटाने कोड्याला दिलेला मोकळा वेळ पहिल्या बैठकीपेक्षाही कमी भरला. प्रयोग लहान होता. पण १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीच्या मुलांवर तसंच काही करून पाहिलं. चित्रं काढल्यास प्रशस्तिपत्रक मिळेल असं आधी सांगितलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात रंगपेनांकडे कमी वळू लागली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्रक न सांगता, नंतर अचानक दिलं, त्यांच्यात ही घट नव्हती. १९९९ साली डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी अशा १२८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला आणि चित्र बरंचसं तसंच निघालं.

या संशोधनातून अ‍ॅप बनवणाऱ्यांनी उचलायच्या गोष्टी अगदी नेमक्या आहेत. ‘हे केलंस तर ते मिळेल’ असं आधी जाहीर केलेलं बक्षीस मुळात आवडणाऱ्या कामाची ओढ कमी करतं. न सांगता नंतर दिलेलं बक्षीस तेवढं नुकसान करत नाही. आणि मुळातच कंटाळवाण्या कामात गमावण्याजोगी ओढ नसते. तिथे बक्षीस चालतं. म्हणून औषध घेतल्याची नोंद करण्याबद्दल पॉइंट दिले तर बिघडत नाही, पण वाचनाची आवड असलेल्या मुलाला पानामागे पॉइंट देणं म्हणजे चांगल्या चाललेल्या गोष्टीत उगाच हात घालणं. आज बहुतेक अ‍ॅपमध्ये नेमकं उलटं दिसतं. मजेच्या कामावर पॉइंटचा पाऊस, आणि कंटाळवाणा फॉर्म मात्र तसाच वीस रकान्यांचा.

डेसी आणि रायन यांनी पुढे माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा मांडल्या : आपलं आपण ठरवल्याची जाणीव, आपल्याला जमतंय ही जाणीव, आणि कोणाशी तरी जोडलेलं असल्याची जाणीव. डोरियन पीटर्स, राफाएल काल्वो आणि रायन यांनी २०१८ साली या गरजा तंत्रज्ञानाला लावून पाहण्याची एक चौकट दिली. तीत सहा थर आहेत : अ‍ॅप घ्यायचा निर्णय, पडदा आणि बटणं, अ‍ॅपमधलं एखादं काम, ज्या सवयीसाठी अ‍ॅप आहे ती सवय, माणसाचं एकूण आयुष्य आणि समाज. आमच्या धंद्यातली बहुतेक चाचणी दुसऱ्या-तिसऱ्या थरावर संपते. बटण सापडलं, धडा पूर्ण झाला, सगळे खूश. पण बटणं लोण्यासारखी चालणारं अ‍ॅप चौथ्या थरावर नापास असू शकतं आणि पाचव्यावर चक्क घातकही. चौकटीचा उपयोग एवढाच, पण मोठा : कोणत्या थरावरचं यश आपण कोणत्या थरावरचं म्हणून सांगतोय, ते पकडता येतं.

आता एक गोष्ट जरा उकलून पाहू : स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची साखळी. रोज काही केलं की आकडा एकाने वाढतो, एक दिवस चुकला की शून्य. सुरुवातीला हे काम करतं, यात वाद नाही. पण आकडा मोठा झाला की माणूस शिकण्यासाठी नाही, आकडा वाचवण्यासाठी अ‍ॅप उघडू लागतो. हातातलं जाण्याची भीती नवं मिळण्याच्या आनंदापेक्षा जबर असते, हे काहनेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालीच मांडलं आहे, आणि साखळी त्या भीतीवरच उभी आहे. आपल्या अ‍ॅपमध्ये असं होतंय का, हे तपासायला मोठं संशोधन लागत नाही. दिवसाच्या तासांप्रमाणे पूर्ण झालेल्या धड्यांचा आलेख काढा. मध्यरात्रीआधीच्या तासात उंचवटा असेल आणि त्या तासात निवडलेले धडे सर्वांत छोटे, आधीच येत असलेले असतील, तर लोक शिकत नाहीत, हजेरी लावतायत. मग साखळी तुटलेल्यांचा दुसरा आलेख काढा. १०० दिवसांनंतर साखळी तुटलेले किती जण पुढच्या आठवड्यात परतले, आणि ज्यांची साखळी ५ दिवसांवर तुटली त्यांपैकी किती. मोठी साखळी तुटलेले जास्त गळत असतील, तर सर्वांत चिकाटीच्या माणसांनाच आपली रचना बाहेर काढतेय.

साखळी तुटण्याची कारणंही पाहायला हवीत, कारण त्यांतली कितीतरी माणसाची नसतात, प्रोग्रॅमची असतात. ‘दिवस’ कुठे संपतो हे सर्व्हरच्या घड्याळावर, म्हणजे बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर ठरवलेलं असेल, तर दहा तास पुढे असलेल्या प्रदेशातल्या माणसाचा दिवस सकाळी दहाला संपतो. आदल्या दिवशी सकाळी आठला आणि आज सकाळी अकराला धडा केला, तर त्याच्या हिशेबी सलग दोन दिवस. सर्व्हरच्या हिशेबी मधला दिवस रिकामा. प्रवासात टाइम झोन बदलला की हाच गोंधळ. इंटरनेट नसताना केलेला धडा दुसऱ्या दिवशी सर्व्हरवर पोचला आणि पोचण्याची वेळ हीच करण्याची वेळ धरली, की साखळी तुटलीच. उपाय सरळ आहे. प्रत्येक नोंदीबरोबर प्रमाणवेळ आणि त्या क्षणीचा स्थानिक वेळेचा फरक, दोन्ही साठवा. तारीख त्यावरून काढा. दिवसाची हद्द मध्यरात्री न ठेवता पहाटे तीन-चारला ठेवा. उशिरा पोचलेल्या नोंदींसाठी ४८ तास थांबा आणि मगच काय ते ठरवा. ‘मग लोक घड्याळ मागे करून फसवतील’ असा आक्षेप हमखास येतो. फसवू देत. स्वतःच्या व्यायामाच्या नोंदीत कोणी स्वतःला फसवत असेल, तर त्यात अ‍ॅपने पोलिसगिरी करण्यासारखं काय आहे?

त्याहून बरं म्हणजे सलगपणाच काढून टाकावा. आठवड्यातून किती दिवस, हे वापरणाऱ्याने ठरवावं. ४ म्हणाला तर ४. एकूण दिवसांचा आकडा दाखवावा, जो फक्त वाढतो, कधी शून्य होत नाही. खाडा कॅलेंडरवर रिकाम्या चौकोनासारखा दिसावा, लाल फुलीसारखा नको. आजारपण, परीक्षा, घरचं कार्य यासाठी आधी सांगून सुट्टी घेता यावी, तीही फुकट. साखळी वाचवण्याची सोय पैसे घेऊन विकणं आम्हाला सर्वांत खटकतं : भीती आपणच तयार करायची आणि तिच्यावरचा उताराही आपणच विकायचा. खंडानंतर परतलेल्या माणसाला पहिला पडदा कोणता दिसतो, यावर एक अख्खा दिवस खर्च केला तरी वाया जात नाही. ‘तुमची १२० दिवसांची साखळी तुटली’ आणि ‘मागच्या वेळी तुम्ही सातव्या धड्यावर होता, तिथून सुरू करायचं की आधी पाच मिनिटं उजळणी?’ या दोन्ही वाक्यांत माहिती खरीच आहे. दुसऱ्यात मात्र पुढचं पाऊल आहे आणि निवडही.

नोटिफिकेशनचं, म्हणजे फोनवर येणाऱ्या सूचनांचं पाहू. इथे आम्ही सुचवतो तो उपाय फार रुक्ष आहे, पण लागू पडतो. अ‍ॅपमधून जाणाऱ्या प्रत्येक नोटिफिकेशनची यादी करायची, अगदी जुन्या, कोणी लिहिलं तेही आठवत नसलेल्या संदेशांसकट. समोर चार रकाने. हे कोणामुळे गेलं : दुसऱ्या माणसामुळे, वापरणाऱ्याने स्वतः लावलेल्या वेळेमुळे, की कंपनीला वाटलं म्हणून? सहा तास उशिरा पोचलं तर वापरणाऱ्याचं काय बिघडेल? ते बंद कुठे करता येतं? तिथे पोचायला किती टॅप लागतात? कंपनीला वाटलं म्हणून जाणारं आणि उशिराने काहीच न बिघडणारं जे जे असेल, ते सुरुवातीपासून बंद. ज्याला हवं तो चालू करेल. ही यादी पहिल्यांदा समोर आली की बैठकीत शांतता पसरते, कारण कंपनीला वाटलं म्हणून जाणारेच संदेश सर्वांत जास्त असतात.

सगळंच बंद करावं, असंही नाही. दोन आठवड्यांच्या एका प्रयोगात, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, फोनच्या सूचना दिवसातून तीनदा गठ्ठ्याने मिळालेल्या लोकांचं लक्ष आणि मनःस्थिती सुधारली. एकही सूचना न मिळालेल्यांची मात्र चिंता वाढली, काहीतरी निसटतंय या भावनेने. तेव्हा ठरलेल्या वेळी गठ्ठा, आणि तातडीचं तेवढंच लगेच. यासाठी लागणारी साधनं फोनमध्ये केव्हाची आहेत. अँड्रॉइडने २०१७ पासून सूचनांचे वेगवेगळे चॅनेल, म्हणजे एकेक बंद करता येणारे प्रकार दिले. आयफोनने २०२१ मध्ये सूचनेची निकड सांगायच्या पायऱ्या आणि ठरलेल्या वेळचा सारांश दिला. बिघडतं ते वापरताना. अनेक अ‍ॅप सगळ्या सूचना ‘सामान्य’ नावाच्या एकाच चॅनेलमध्ये कोंबतात. परिणामी जाहिरात नको असलेल्याला औषधाची आठवणही बंद करावी लागते. हे कधी आळसाने होतं, कधी मुद्दाम. वापरणाऱ्याला दोन्ही सारखंच.

परवानगी कधी मागायची, हाही रचनेचा भाग. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, नवं अ‍ॅप सूचना पाठवण्याआधी विचारतं. आयफोनवर तर ते आधीपासून आहे. अ‍ॅप उघडताक्षणी ती चौकट पुढे केली, तर माणसाला कशाला हो म्हणायचं ते कळलेलंच नसतं. त्याने स्वतः ‘संध्याकाळी सातला आठवण कर’ असं निवडल्यावर विचारा. तेव्हा प्रश्नाला अर्थ असतो. आणि आठवणी लागोपाठ तीन वेळा दुर्लक्षित झाल्या, तर चौथी जास्त गोड किंवा जास्त रडवेली करण्याऐवजी संख्या निम्मी करा आणि एकदाच विचारा : वेळ बदलायची, कमी करायच्या, की थांबवायच्या? बहुतेक यंत्रणा आज उलट चालतात. प्रतिसाद नाही म्हटल्यावर आवाज चढवतात. रुसलेल्या चेहऱ्याचं चित्र पाठवून प्रौढ माणसाला अपराधी वाटायला लावणं, याला आम्ही कल्पकता म्हणत नाही.

लीडरबोर्डवर, म्हणजे गुणांप्रमाणे लावलेल्या क्रमवारीवर थोडक्यात. हजार जणांच्या यादीत वरच्या दहांना हुरूप येतो, बाकीच्यांना आपण किती मागे आहोत तेवढं कळतं. अभिप्राय दिला की सुधारणा होतेच, हा समजही तपासून घ्यावा असा आहे : क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली केलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी घसरली होती, आणि लक्ष कामावरून स्वतःकडे वळतं तिथे घसरण जास्त, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘तुम्ही ६३ टक्के लोकांच्या मागे आहात’ यापेक्षा ‘दहापैकी सात बरोबर, चुकलेली तिन्ही वाक्यं भूतकाळातली’ हे पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं ते सांगतं. स्पर्धा ज्यांना खरंच हवी, त्यांनी ओळखीच्या चार-सहा जणांचा गट करावा. ती सोय पुरेशी आहे.

उद्दिष्टांचं कोडं मात्र वरून दिसतं त्याहून खोल आहे. रोज १०,००० पावलं हा आकडा जगभर शिरला त्याचं मूळ वैद्यकीय संशोधनात नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमोजणी यंत्रात आहे. सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांवरचा २०१९ चा एक मोठा अभ्यास सांगतो, की दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्युप्रमाण कमी होतं, आणि हा फायदा साधारण ७,५०० च्या पुढे फारसा वाढत नव्हता. म्हणजे ३,००० वरून ४,५०० वर आलेल्या आजींनी खरं तर मोठी मजल मारलेली असते, आणि अ‍ॅप त्यांना रोज संध्याकाळी अर्धंही न भरलेलं वर्तुळ दाखवत असतं. पहिले सात दिवस उद्दिष्टच देऊ नये, नुसतं मोजावं. सात आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यावा (सरासरी नको; एखाद्या प्रवासाच्या दिवसाने ती फुगते), त्यात ५०० ते १,००० ची भर घालून सुचवावं आणि ती सूचना खाली-वर करण्याची मुभा द्यावी. उद्दिष्ट कमी करणाऱ्याला ‘नक्की का?’ असं विचारू नये. वाढवणाऱ्याला विचारतो का आपण?

आणि आकडे लपवण्याचीही सोय हवी. संशोधक जॉर्डन एटकिन यांच्या २०१६ च्या प्रयोगांत असं दिसलं, की चालणं, चित्र रंगवणं अशा आवडीच्या गोष्टीही नुसत्या मोजू लागल्याने जास्त घडतात, पण त्यांतली मजा कमी होते आणि मोजणी थांबल्यावर त्या पुढे चालू ठेवण्याची इच्छाही. बक्षीस नाही, स्पर्धा नाही, केवळ मोजणी. आमच्या व्यवसायाला हे फार अडचणीचं आहे, कारण मोजणं हेच अनेक अ‍ॅपचं अख्खं भांडवल आहे.

म्हणून मुख्य मुद्दा मापाचा. डेसींची आठ मिनिटं अ‍ॅपलाही लावता येतात. रीत अशी. अ‍ॅपच्या बाहेरची कोणती गोष्ट घडायला हवी, ते आधी कागदावर लिहायचं : चालण्याची मिनिटं, वाचलेली पानं, महिन्याअखेर शिल्लक. ‘अ‍ॅप उघडणं’ या यादीत येऊ शकत नाही. मग वापरणाऱ्यांपैकी यादृच्छिकपणे १० टक्के निवडून त्यांच्या आठवणी, पॉइंट आणि साखळी चार आठवडे बंद करायच्या. धडे, नोंदी, बाकी सगळं चालू. चार आठवडे यासाठी, की पहिल्या एक-दोन आठवड्यांत जुन्या सवयीचा रेटा शिल्लक असतो आणि निष्कर्ष फसवा निघतो. मग उरलेल्या ९० टक्क्यांशी तुलना, तीही लिहून ठेवलेल्या गोष्टीवरच. चालणं फोनच्या सेन्सरवरून कळतं. भाषेसाठी शेवटी सगळ्यांची एकच छोटी चाचणी घ्यायची.

यात दोन बंधनं पाळायचीच. इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या अशा आठवणी प्रयोगासाठी कधीही बंद करायच्या नाहीत. आणि संमती हवी. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ लोकांच्या फीडमधला आनंदी-दुःखी मजकूर आठवडाभर त्यांना न सांगता कमी-जास्त केला होता. २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा गदारोळ झाला तो निष्कर्षावर कमी, न विचारण्यावर जास्त. अटींच्या चाळीसाव्या परिच्छेदातलं वाक्य म्हणजे संमती नव्हे. ‘चार आठवडे आठवणी बंद राहतील, कधीही परत चालू करू शकता’ हे एका पडद्यावर मावतं.

मन कसं आहे, हेही विचारावं, आणि त्यासाठी नवे प्रश्न बनवू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची डब्ल्यूएचओ-५ ही प्रश्नावली १९९८ पासून वापरात आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दलची पाच वाक्यं, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणायचं, म्हणजे १०० पैकी आकडा मिळतो. १० गुणांचा फरक दखल घेण्याजोगा मानतात. ५० किंवा त्याहून कमी आल्यास त्या माणसाकडे जास्त लक्ष द्यायला हवं. म्हणून अशा वेळी पडद्यावर कोणती मदत दिसेल, हे प्रश्न विचारण्याआधीच ठरलेलं असावं. विचारून गप्प बसणं सर्वांत वाईट. आणि प्रश्न दोन आठवड्यांबद्दल आहेत, तेव्हा ते रोज विचारू नयेत.

निकाल वाचताना गफलत होते ती इथे : उत्तरं देतात ते अ‍ॅपवर प्रेम असलेले, सोडून गेलेले देत नाहीत. त्यामुळे प्रयोग सुरू होतानाची पूर्ण यादी धरूनच हिशेब करावा, गळालेल्यांसकट. ८०० लोकांच्या अ‍ॅपचे १० टक्के म्हणजे ८० जण. एवढ्यात फक्त ढळढळीत फरक दिसतो, बारीक फरकावर दावे करू नयेत. आणि रोज डोकावून, आकडा आवडला त्या दिवशी प्रयोग थांबवायचा मोह आवरावा. निकाल साधारण तीन तऱ्हेचे येतात. आठवणी गेल्या आणि सवयही गेली, तर अ‍ॅप ही कुबडी होती. काहींना ती लागते, पण मग तसं म्हणावं. दोन्ही जवळपास टिकलं, तर तेवढ्या आठवणींची गरजच नव्हती. तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा : अ‍ॅप उघडणं निम्म्यावर आलं आणि चालणं मात्र तसंच राहिलं. हे निखळ यश आहे, आणि कंपनीला आकडे दाखवणाऱ्या आजच्या डॅशबोर्डवर ते लाल रंगात, घसरण म्हणून दिसतं.

माप बदललं की यंत्रणा कशी वळते, याची उदाहरणं उघड आहेत. यूट्यूबने २०१२ साली किती वेळा पाहिलं याऐवजी किती वेळ पाहिलं याला वजन दिलं आणि व्हिडिओ बनवणाऱ्यांची अख्खी रीत बदलली. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीचं एक अद्ययावत रूप काही दिवसांतच मागे घेतलं, कारण ते प्रत्येक गोष्टीला मान डोलावू लागलं होतं. वापरणाऱ्यांच्या तत्काळ पसंतीला, म्हणजे अंगठा वर की खाली याला, जास्त वजन दिलं गेल्याचं कंपनीनेच सांगितलं. त्या क्षणी आवडलं आणि महिन्याने उपयोगी पडलं, ही दोन मापं आहेत. बोलणाऱ्या सहायकांच्या बाबतीत हा फरक यापुढे जास्तच बोचणार, कारण खुशामत बटणाच्या रंगासारखी डोळ्यांना दिसत नाही.

‘हे सगळं ठीक, पण कंपनीचं पोट कशावर चालायचं?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर गोड नाही. वर्गणीवर चालणाऱ्या अ‍ॅपला हे परवडतं. ज्या कंपनीची कमाई पाहिलेल्या जाहिरातींच्या मिनिटांवर आहे, तिला परवडत नाही, आणि अशा ठिकाणी डिझायनरने कितीही सदिच्छा ओतली तरी ती तिमाही आकड्यांपुढे हरते. तिथे कमाईची रीत बदलावी लागते, बटणं नाही. कायद्यांचा आधार अर्धामुर्धा आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याचं २५ वं कलम फसव्या रचनेला मनाई करतं. आपल्याकडे ग्राहक संरक्षणासाठीच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा रचनेचे १३ प्रकार नोंदले आहेत, त्यांत वर्गणीच्या सापळ्यापासून सतत टोचत राहण्यापर्यंत बरंच येतं. पण कायद्याच्या हाती लागते ती फसवणूक. खोटं काहीच न सांगता केवळ भीतीवर चालणारी साखळी त्यातून सुखरूप सुटते.

आपल्या अंकात नव्या अ‍ॅपची परीक्षणं येतात म्हणून एक विनंती. परीक्षकाने अ‍ॅप दोन आठवडे जसंच्या तसं वापरावं, मग त्याच्या सगळ्या आठवणी बंद करून आणखी दोन आठवडे, आणि दुसऱ्या पंधरवड्यात काय टिकलं ते लिहावं. वर्गणी सुरू करायला किती टॅप लागले आणि रद्द करायला किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत. रद्द करताना वाटेत आलेल्या पडद्यांची चित्रं जोडली, तर त्या भागावर मजकूर लिहायची गरजही पडणार नाही.

आपले,
अ‍ॅपची आखणी आणि वापर-चाचणी या कामातील काही वाचक